दोन लिंबं म्हणजे नक्की किती?

आमच्याकडे वाढदिवस असला की एक गोष्ट ठरलेली. केक कापायच्या वेळी सासूबाई बाहेरच्या दिवाणावर बसतात, नातीला ओवाळतात, टाळ्या वाजवतात आणि मग आपल्या डब्यातला राजगिऱ्याचा लाडू काढून खातात. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अंडं घातलेलं त्यांना चालत नाही, हे तर झालंच. पण ज्या ओव्हनमध्ये अंड्याचा केक भाजतात त्यातलं काहीच त्यांना चालत नाही. ओव्हन घरात येऊन सहा वर्षं झाली. त्यात मी बिनअंड्याची नानकटाई केली, खारी बिस्किटं केली, एकदा भाजणीसुद्धा भाजून पाहिली. (ती करपली, तो विषय वेगळा.) सासूबाईंनी कशालाही बोट लावलं नाही. त्यावरून घरात वाद असा कधी झाला नाही. "तुम्ही खा गं," एवढंच म्हणायच्या. पण सहा वर्षं एकाच घरात एक माणूस वेगळं ताट घेऊन बसतं, हे डोळ्यांना खुपतंच.

यंदा लेकीला बारावं लागलं. तिने जाहीर केलं की केक नको, लेमन टार्ट हवा. मैत्रिणीच्या घरी खाल्ला होता म्हणे. वर अट घातली, "आजी पण खाईल असा कर."

ज्यांना टार्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. करंजीची पारी असते ना, तशीच मैद्याची, पण लोण्याचं भरपूर मोहन घातलेली पारी एका उथळ साच्यात बसवायची, भाजून खुसखुशीत करायची आणि तिच्यात लिंबाचं घट्ट, आंबटगोड सारण भरायचं. वर झाकण नाही. मुंबईतल्या चांगल्या पेस्ट्रीच्या दुकानात तळहाताएवढ्या टार्टला शंभराच्या वर रुपये पडतात. आम्ही माणसं सहा, शिवाय लेकीच्या मैत्रिणी. तेव्हा घरीच करायचं ठरलं. तळ निघणारा सात इंची साचा क्रॉफर्ड मार्केटातून आणला. तिथे केकच्या सामानाची दुकानं आहेत. मुलुंडहून गाडीने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो, पण आणखी चार वस्तू बघून होतात, हा फायदाच म्हणायचा.

आधी एकदा नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे अंडं घालून करून बघू, मग बिनअंड्याच्या मागे लागू, असा माझा बेत होता. छापील कृतीत लिहिलं होतं, दोन लेमनचा रस आणि सालीचा कीस. मी दोन लिंबं घेतली. सारण चाखलं तर नुसतं गोड! मग आणखी दोन पिळली, मग आणखी एक. तोवर अंडी, साखर आणि लोणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात गॅसवर चढलेलं. ढवळायचं सोडून मी लिंबं पिळत बसले आणि खाली एक उकळी फुटली. अंड्याच्या गुठळ्या झाल्या. गाळून घेतलं तर रंग मळकट आणि जिभेवर पत्र्याची चव. आंबटाला ॲल्युमिनियमचं भांडं नको, हे आमसुलाच्या साराला मी कधी विसरत नाही. टार्ट परदेशी म्हणून बहुधा विसरले. त्यात साल किसताना आतला पांढरा भागही किसला गेला होता. एकूण टार्ट कडू, आंबट आणि पत्र्यासारखा. ह्यांनी एक घास खाल्ला आणि पाणी मागितलं.

हा सगळा प्रकार सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. मी पाचवं लिंबू मुठीत दाबून दाबून शेवटचा थेंब काढत होते तेव्हा त्यांना राहवलं नाही. "अगं, जीव काढतेस का त्याचा? कडू नाही होणार तर काय होईल?"

त्यांचं माहेर श्रीगोंद्याकडचं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं. तिथे लिंबाच्या बागा पुष्कळ. त्यांच्या वडिलांचीही होती. लोणच्याचं लिंबू त्यांनी आजवर आम्हांला कोणालाही निवडू दिलेलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवून लिंबू शिकवलं. रसाला लिंबू घ्यायचं ते पिवळं, पातळ सालीचं, गुळगुळीत आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागणारं. वासाला मात्र थोडं हिरवट घ्यायचं, कारण वास सालीच्या वरच्या तेलात असतो. पिळण्याआधी ओट्यावर तळहाताखाली रगडायचं. आडवं चिरायचं, बी टोकाने काढून टाकायची आणि मग पिळायचं, ते बेतानेच. शेवटचा थेंब लिंबालाच राहू द्यायचा. बी आणि पांढरी साल चेंगरली की कडवटपणा उतरतो. आणि रस पिळून नुसता ठेवला तरी तासाभराने कडसर होतो. लोणच्याचा कडवटपणा मिठात मुरून महिन्याभराने जातो. टार्टला महिना कुठला?

मी नंतर पुस्तकात पाहिलं, तर त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं. लिंबाच्या बियांत आणि पांढऱ्या सालीत जे असतं त्यापासून आंबट रसात हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. म्हणून ताजा रस कडू लागत नाही आणि ठेवलेला लागतो.

आणि माझी दुसरी चूक पुस्तकातच उघड झाली. परदेशी कृतीतलं लेमन म्हणजे आपलं लिंबू नव्हेच! ते मोठं, जाड सालीचं, पिवळंधमक वेगळं फळ. त्याच्या एकातून तीन टेबलस्पून रस निघतो. आपल्या कागदी लिंबातून निघतो दोन-तीन चहाचे चमचे, पण आंबटपणात आपलं वरचढ. तेव्हा त्यांची दोन म्हणजे आपली सहा-सात. गंमत अशी की 'लेमन' हा शब्द मात्र फारसी 'लिमू'वरून अरबांच्या मार्गाने तिकडे गेला आणि त्याचं मूळ आपल्याच 'निंबू'त आहे, असं भाषेचे अभ्यासक मानतात. नाव आपलं घेतलं आणि फळ दुसरंच!

मग आपलं कागदी लिंबू घालून टार्ट कोणी करत नाही का? करतात. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडाजवळच्या बेटांवर जे 'की लाइम' म्हणून मिळतं ते आपलं कागदी लिंबूच. आशियातून अरबांनी ते पश्चिमेकडे नेलं, स्पेनच्या लोकांनी अमेरिकेत. त्या बेटांवर ताजं दूध मिळायची मारामार. १८५६ साली गेल बोर्डेन यांनी आटवलेल्या दुधाचं पेटंट घेतलं आणि पुढे डब्यातलं ते गोड, घट्ट दूध तिथे पोचलं. त्यात लिंबू पिळलं की ते न शिजवताच दाटतं. आंबटाने दुधातली प्रथिनं गोळा होतात, पण दूध आटलेलं असल्यामुळे आणि साखर खूप असल्यामुळे पनीरासारखं पाणी सुटत नाही. तिकडे त्यात अंड्याचा बलकही घालतात. मला वाटलं, बलकाऐवजी आपला श्रीखंडाचा चक्का का नको? समोरच्या गुजराती भाभींना विचारलं. त्या बिनअंड्याच्या बेकिंगमध्ये तयार आहेत. त्या म्हणाल्या, "चक्का बरोबर जमेल, फक्त आंच धीमी ठेव."

राहता राहिला ओव्हन. त्याचं लेकीनेच मनावर घेतलं. माझ्या माहेरी भांडुपला दिवाळीआधी आई मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायची आणि भट्टीतून नानकटाईचा डबा भरून आणायची. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तो डबा इथे आला होता आणि सासूबाईंनी आवडीने खाल्ला होता. ही गोष्ट लेकीला ठाऊक. तिने विचारलं, "आजी, बेकरीच्या भट्टीत अंड्याचे केक पण भाजतात ना? मग ती नानकटाई तुला कशी चालली?"

सासूबाई थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ती भट्टी माझ्या घरातली नव्हती, बाळा."

मला त्या उत्तराचा राग आला नाही. बाहेरचं जग जसं आहे तसं चालवून घ्यायचं आणि आपल्या चुलीपुरता नेम पाळायचा, असंच त्या आयुष्यभर वागल्या आहेत. (त्या भट्ट्याही आता बदलताहेत. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर न्यायला सांगितलं. त्या नानकटाईचा धुरकट वास आता आठवणीतच राहणार बहुतेक.) मी विषय तिथेच सोडला. म्हटलं, त्यांच्यासाठी कढईत मीठ घालून वेगळा छोटा टार्ट भाजू.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शाळेतून घरी आले तर सिंकवरच्या नळाला मलमलच्या फडक्यात दही टांगलेलं. आणि हे बाहीवर करून ओव्हनच्या जाळ्या घासताहेत! पिळलेल्या लिंबांच्या साली आणि मीठ, असा त्यांचा साबण. "आईने सांगितलं," एवढंच म्हणाले. सासूबाईंची अट एकच होती, की साचा नवा हवा आणि त्यात पुढे कधी अंडं शिजता कामा नये. पहिला टार्ट मी त्याच साच्यात केला होता, हे मी लगेच सांगून टाकलं. लपवून खाऊ घालण्यात काय अर्थ? संध्याकाळी मुलुंडच्याच बाजारातून दुसरा साचा आणला. तो आता देवघराखालच्या कपाटात असतो.

साहित्य असं. पारीसाठी मैदा १५० ग्रॅम, थंड अमूल बटर ७५ ग्रॅम, पिठीसाखर दोन टेबलस्पून, बर्फाचं पाणी दोन-तीन टेबलस्पून. सारणासाठी मिल्कमेड २५० ग्रॅम, घट्ट चक्का १५० ग्रॅम, सात-आठ लिंबांचा रस (८० ते ९० मिलिलिटर), दोन हिरवट लिंबांच्या सालीचा अगदी वरवरचा कीस. वाटीच्या मापावर माझा हात बसलेला आहे, पण टार्टला वजनकाटा घ्यावा. पारीत लोणी थोडं कमीजास्त झालं तरी ती दगावते.

खरी परीक्षा पारीचीच. मुंबईच्या दमट हवेत लोणी हातातच वितळायला लागतं आणि वितळलं की मैदा ते पिऊन टाकतो. मग पारी खुसखुशीत न होता बिस्किटासारखी टणक होते. मैदा, साखर आणि परातसुद्धा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. लोण्याचे बारीक तुकडे बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, तळहात लावू नका. रव्यासारखं दिसलं की पाणी शिंपडून गोळा करा. मळायचं नाही! आपण पोळीची कणीक मळून मळून मऊ करतो, तो हात इथे आवरायचा. गोळा तासभर फ्रीजमध्ये, मग दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटून साच्यात बसवा, काट्याने टोचा आणि पुन्हा अर्धा तास गार करा.

ओव्हन १८० अंशांवर तापवा. पारीवर बटरपेपर अंथरून त्यात मूठ-दोन मूठ राजमा भरा, म्हणजे तळ फुगत नाही आणि कडा खाली घसरत नाहीत. पंधरा मिनिटांनी राजमा काढा आणि आणखी दहा-बारा मिनिटं बदामी रंगावर भाजा. (हा राजमा पुढच्या वेळेसाठी बरणीत ठेवा, तो शिजायचा नाही.) ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर देऊन झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा आणि स्टँडवर साचा ठेवा. वेळ थोडा जास्त लागतो, वरून रंग कमी येतो, पण खाली छान भाजते.

सारणाला काही करायचं नाही. चक्का गाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा, मिल्कमेड मिसळा, सालीचा कीस घाला आणि रस अगदी शेवटी, ताजा पिळून. ढवळता ढवळता दाटतं, ते बघायला लेकीला फार मजा वाटली. गार पारीत ओतून १५० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं. कडा बसलेल्या आणि मधला भाग किंचित हलणारा, असा असतानाच बाहेर काढा. बुडबुडे यायला लागले तर चक्का फुटतो. मग फ्रीजमध्ये चार तास. पावसाळ्यात पारी आदल्या दिवशी भाजली तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सारण त्याच दिवशी भरा, नाहीतर मऊ पडते.

लिंबाच्या भावाचंही बघावं लागतं. हस्त बहाराची फळं उन्हाळ्यात कमी येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं, ते विसरलेलं नसेलच तुम्ही. पावसाळ्यात मात्र लिंबं मुबलक आणि रसाळ. आमच्या लेकीचा वाढदिवस ऑगस्टमधला, म्हणून आम्हांला परवडलं. शिवाय त्या दिवशी एकादशी नव्हती, हेही नशीबच.

टार्ट कापला तेव्हा सासूबाई दिवाणावरच होत्या. लेकीने पहिली ताटली त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी वास घेतला, मग चमच्याने टोकाचा लहानसा तुकडा तोडला. आम्ही सगळे उगीचच दुसरीकडे बघत होतो. "साखर फार झाली," त्या म्हणाल्या, "लिंबू दबलं त्याच्याखाली." आणि ताटली खाली न ठेवता उरलेला तुकडा खाल्ला.

त्या दिवशी मी मिल्कमेड ३०० ग्रॅम घातलं होतं आणि लिंबं सहा. वरचं माप त्यांनी सुधारल्यानंतरचं आहे.