शुद्धिहरण व प्रसूती यांतील रुग्णनिरीक्षण

भूल दिलेला रुग्ण आपली व्यथा सांगू शकत नाही. म्हणून त्याची नाडी, श्वसन, रक्तदाब व रक्तातील ऑक्सिजन यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. यांपैकी कशाला महत्त्व द्यावे, हा प्रश्न एके काळी वादग्रस्त होता. मराठवाडा ज्या संस्थानात मोडत असे, त्या हैदराबादमध्ये एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. प्राण्यांवरील प्रयोगांत श्वसन आधी व हृदय नंतर थांबते असे आढळल्याने केवळ श्वसन पाहावे, असा निष्कर्ष निघाला. तो एकांगी होता. अपुऱ्या क्लोरोफॉर्मखालीही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवर दाखविले.

तथापि श्वसनाविषयीचा आग्रह अगदीच चुकीचा नव्हता. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये जपानात मांडलेल्या तत्त्वावरील ऑक्सिजनमापक बोटाला लावतात. तांबडा व अवरक्त प्रकाश रक्तात किती शोषला जातो यावरून तो ऑक्सिजनचे प्रमाण दर्शवितो. परंतु आधी ऑक्सिजन दिलेल्या रुग्णाचे श्वसन थांबले, तरी त्यावरील आकडा काही मिनिटे समाधानकारक राहतो. निःश्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडचा आलेख मात्र तत्काळ सपाट होतो.

प्रसूतीत जीव दोन असतात. सिझेरियनसाठी कण्यात भूल दिल्यावर मातेचा रक्तदाब उतरून वारेचा रक्तपुरवठा घटतो. त्यामुळे प्रारंभी तो दर एक-दोन मिनिटांनी मोजतात व गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडू नये म्हणून तिला डावीकडे किंचित कलते ठेवतात. नैसर्गिक प्रसूतीत गर्भाचे हृत्स्पंदन सामान्यतः मिनिटास ११० ते १६० असते. ते कळ ओसरताच ऐकतात, कारण कळेनंतरही मंद राहणारे ठोके गर्भाला ऑक्सिजन अपुरा पडत असल्याचे सुचवितात.