मजकूर आमचा, किल्ली कंपनीची!

वीस वर्षांपूर्वी आम्ही जयंतीच्या स्मरणिकेचा मजकूर संगणकावर टाईप करून घेतला होता. ती पुन्हा छापावी म्हणून अलीकडे जुनी सीडी काढली, तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी! ज्या डीटीपी पॅकेजमध्ये मजकूर टाईप झाला, ते डोंगलशिवाय उघडत नाही. डोंगल बिघडला आणि ती आवृत्ती कंपनीने केव्हाच बंद केली. याउलट 1920 साली सुरू झालेल्या 'मूकनायक'चे उपलब्ध अंक आजही वाचता येतात. कागद शंभर वर्षे टिकला, फाईल वीस वर्षेही टिकली नाही. हे असे का व्हावे?

कारण उघड आहे. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या मराठी फाँटमध्ये अक्षरांना दिलेले क्रमांक वेगवेगळे होते. एकीकडचा 'क' दुसरीकडे भलतेच चिन्ह होई. म्हणजे मजकूर आमचा, पण तो वाचण्याची किल्ली कंपनीच्या खिशात! युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. देवनागरी त्यात 1991 पासून आहे.

हाच प्रश्न संपूर्ण सॉफ्टवेअरला लागू होतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे केवळ फुकट सॉफ्टवेअर नव्हे. ते वापरण्याचा, तपासण्याचा, सुधारण्याचा आणि वाटण्याचा हक्क सर्वांना असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये हा विचार मांडला. लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स 1991 मध्ये आले. केरळने तर सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. त्यासाठी आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले, हे विशेष.

अडचणी आहेत, त्या आम्ही नाकारत नाही. छापखानेवाला जुनाच फाँट मागतो. ऑपरेटरचा हात जुन्या कीबोर्डवर बसलेला असतो. हिशेबाचे एखादे पॅकेज विकतच घ्यावे लागते. जेथे गरज आहे तेथे जरूर घ्यावे, पण रीतसर घ्यावे. चोरीची प्रत हा पर्याय नव्हे. ती वापरूनही गुलामी त्याच कंपनीची राहते.

मग करायचे काय? आपल्या वाचनालयांनी, वसतिगृहांनी आणि अभ्यासिकांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. फाईल ओपन डॉक्युमेंट स्वरूपात ठेवावी. लिब्रे ऑफिस ती विनामूल्य उघडते. जुना मजकूर फाँट-कन्व्हर्टरने आताच बदलून, मुद्रिते तपासून घ्यावा. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, म्हणून चालते संगणक भंगारात काढू नयेत. त्यांपैकी अनेकांवर हलके लिनक्स आरामात चालते.

बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारला तो हौसेखातर नव्हे. आपला शब्द दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हा धडा आपण त्यातून घ्यायचा आहे. म्हणूनच सॉफ्टवेअर निवडताना किमतीआधी एकच प्रश्न विचारा: उद्या ही कंपनी नसेल, तर आमचा मजकूर आम्हाला वाचता येईल काय?