स्वस्त डबी : दुभाषी, वैद्य नव्हे



गाडीचा दोष मोबाईलवर दाखविणारी ब्लूटूथ डबी आता पुष्कळांकडे दिसते. तिचे काम आम्ही थोडक्यात सांगतो.

स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात ती बसते. गाडीच्या संगणकाला प्रश्न विचारायचा अन् उत्तर मोबाईलला पोचवायचे, एवढेच तिचे काम. मूळ ‘ईएलएम ३२७’ चिप कॅनडातील कंपनीची. ती कंपनी २०२२ साली बंद झाली. स्वस्त डब्यांत बहुधा तिची नक्कल असते.

इंजिनच्या पाण्याचे तापमान विचारले की समजा १२३ आकडा येतो. त्यातून ४० वजा करून मोबाईल ८३ अंश दाखवितो. ऐन मे महिन्यात उणे ४० दिसले, तर आकडा शून्य आला. बहुधा सेन्सरची वायर तुटली. म्हणून सेन्सर विकत आणण्याआधी वायर व जोड तपासावा.

कोड पुसला म्हणून दोष जात नाही. पिवळी पाने तोडून उसाचा केवडा जातो काय? कोड आधी कागदावर उतरवावा, दुरुस्ती करावी, मगच पुसावा.

आणखी एक. सॉकेटात बॅटरीचा प्रवाह सतत असतो. गाडी उभी करताना डबी काढून ठेवावी. नाहीतर ऐन तोडणीत सकाळी गाडी ढकलायची पाळी यायची!