बॅटरीची शक्ति कां ओसरते ?

करकंबासारख्या गांवांत आज मोबाईल फोन नाहीं असें घर विरळाच. विजेवर चालणाऱ्या दुचाक्याही आतां आपल्या रस्त्यांवर दिसतात. या दोहोंच्या पोटांत लिथियमची बॅटरी असते. नवी असतां ती दिवसभर पुरते. कांहीं वर्षांनीं मात्र दुपारींच मान टाकते. दुचाकीची बॅटरी बदलणें तर शेतकरी कुटुंबास जडच जातें. अशा वेळीं आपण मालास दोष देतों. परंतु या ऱ्हासाचीं कारणें शास्त्रज्ञांनीं शोधिलीं आहेत, आणि तीं समजल्यास बॅटरीचें आयुष्य वाढविणें कांहीं अंशीं आपल्याच हातीं आहे. तींच येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

बॅटरींत दोन अग्रें असतात. ऋणाग्र बहुधा ग्राफाइटचें, म्हणजे पेन्सिलींतील शिशाच्याच पदार्थाचें असतें. धनाग्र पुष्कळदां धातूच्या ऑक्साइडचें असतें. दोहोंमध्यें एक द्रव असतो. बॅटरी भरतांना लिथियमचे विद्युद्भारित कण धनाग्र सोडून ऋणाग्रांत जातात, व वापरतांना परत येतात. लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचें धनाग्र जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें पुढें आणिलें. १९९१ सालीं जपानांतील सोनी कंपनीनें अशी बॅटरी बाजारांत आणिली. या विद्येबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां आपल्याकडील माळवदाचें घर डोळ्यांपुढें आणावें. माळवदाचा भार तुळयांवर व तुळयांचा खांबांवर असतो. धनाग्राच्या स्फटिकांत कोबाल्ट व प्राणवायु यांचे थर एकावर एक रचलेले असून मधलें लिथियम हे जणूं खांबच होत. बॅटरी भरणें म्हणजे कांहीं खांब तात्पुरते काढणें. व्होल्ट जितके अधिक, तितके खांब अधिक निघतात. ४.२ व्होल्टपर्यंत सुमारें निम्मे निघतात, व तोंपर्यंत घर सहसा सांवरून राहतें. एका ग्रॅम पदार्थांत सर्व लिथियम मिळून सुमारें २७४ मिलि-अँपिअर-तास वीज असते. पण या मर्यादेंत सुमारें १४० च हातीं लागते. उरलेल्याच्या मोहानें आज पुष्कळ मोबाईलांच्या बॅटऱ्या ४.४ व्होल्टच्याही वर भरतात.

या मोहाची किंमत तीन प्रकारें द्यावी लागते. पहिली अशी कीं, फार लिथियम निघतांच थर सरकतात व जवळ येतात. हें आकुंचन-प्रसरण पुनःपुन्हां होऊन स्फटिकांस बारीक भेगा पडतात. दुसरी अशी कीं, प्राणवायूची पकड सैल होऊन पृष्ठभागावरून तो निसटूं लागतो. निकेल असलेल्या धनाग्रांत निकेलचे परमाणु लिथियमच्या रिकाम्या जागीं शिरतात. मग परतलेल्या लिथियमला वाट मिळत नाहीं. तिसरी अशी कीं, उच्च व्होल्टवर मधला द्रवच बिघडतो, त्याचें कीट पृष्ठभागावर बसतें, आणि कोबाल्टही त्यांत थोडा थोडा विरघळतो. एका खेपेचें नुकसान अल्प असतें. परंतु थेंबें थेंबें तळें सांचतें, तसें तें थेंबें थेंबें आटतेंही.

शास्त्रज्ञ यावर उपाय करीतच आहेत. कोणी स्फटिकांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ लेप देतात. १९९७ सालीं गुडइनफ यांच्याच मंडळीनें लोह-फॉस्फेटचें धनाग्र सुचविलें; त्यांत फॉस्फरस प्राणवायूस घट्ट धरून ठेवितो, व सुमारें ३.६ व्होल्टवरच काम भागतें. वजनाच्या मानानें त्यांत वीज कमी मावते, पण तें अधिक टिकतें. पुण्यांतील सी-मेट या सरकारी संस्थेंतही लिथियम बॅटरीच्या द्रव्यांवर संशोधन चालतें.

आपल्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपुढें जातो, आणि उष्णतेनें वरील सर्व बिघाड वेगानें होतात. म्हणून विद्यार्थीमित्रहो, फोन पूर्ण भरून उन्हांत अथवा तापलेल्या पत्र्याखालीं ठेवूं नका. रोजच्या कामास शेंकडा ८० भरला तरी पुष्कळ झालें. प्रवासास निघतांना पूर्ण भरावा. पालकांनीं दुचाकी सांवलींत ठेवावी, आणि तिच्या बॅटरीची जात निराळी असूं शकते म्हणून ती किती भरावी हें कारखानदाराच्या पुस्तिकेंत पहावें. शेवटचे चार खांब रोज उपटण्याचा हव्यास सोडला, तर घर पुष्कळ दिवस उभें राहतें.