मोरीचं पाणी कुठं सोडायचं?

अंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं पाणी म्हणजे सांडपाणी. संडासाचं पाणी त्यात धरायचं नाही. पण अनेक घरांत दोन्ही एकाच सेप्टिक टँकमध्ये सोडतात, आणि तिथंच घोळ होतो. मैला तळाशी बसायला पाणी टाकीत साधारण २४ ते ४८ तास निवांत राहावं लागतं. धुण्याच्या दिवशी बादल्यांमागून बादल्या आत गेल्या की न बसलेला गाळ बाहेर ढकलला जातो आणि टाकीपुढच्या शोषखड्ड्याभोवतीच्या मातीची छिद्रं बुजतात. मग पाणी मुरतच नाही.

म्हणून मोरीचं पाणी वेगळं काढा. आधी खरकटं आणि तेलकटपणा अडवणारी छोटी कुंडी, मग दगडगोट्यांचा शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे घेतले. साचलेलं पाणी गेलं, तसे डासही हटले. काळ्या मातीत मात्र पाणी फार सावकाश मुरतं. तिथं ते केळी, अळू, कर्दळीच्या मुळाशी सोडणं मला अधिक पटतं. फक्त साठवून ठेवू नका, दिवसभरात त्याला वास सुटतो. आणि पिण्याच्या विहिरीजवळ खड्डा कधीच घेऊ नका.