वेब डिझायनर व्हायचंय, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांनी डिग्री कोणती घ्यायची?

बारावीचा निकाल लागला की चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीतल्या बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू होते. पोरीला किंवा पोराला वेब डिझाइन करायचंय, इन्स्टाग्रामवर कोर्सच्या जाहिराती येतायत, "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणतायत. नातेवाईक सांगतात इंजिनिअरिंग कर, शेजारचे म्हणतात बीसीए कर. आणि बापाच्या डोक्यात हिशोब चालू असतो, की यंदाच्या धानाच्या पैशात नागपूरची रूम आणि फी दोन्ही बसेल का.

मुळात वेब डिझायनर व्हायला अमुकच डिग्री पाहिजे असा नियम नाही. डॉक्टरला, वकिलाला परिषदेची नोंदणी लागते, इथे तसं काही नाही. मग डिग्री का घ्यायची? कारण बऱ्याच मोठ्या कंपन्या पदवीशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत, सरकारी भरतीत पदवी लागते आणि उद्या मास्टर्स करायचं म्हटलं तर दार उघडं राहतं.

डिग्री निवडण्याआधी हे काम नेमकं काय आहे ते समजून घ्यावं लागतं. वडशाचंच उदाहरण घ्या. झाडीपट्टी नाटकांच्या कंपन्यांची ऑफिसं इथे आहेत आणि दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर प्रयोग रंगतात. समजा एका कंपनीला वेबसाइट करायचीय. ती उघडणार कोण? तर गावातल्या मंडळाचा माणूस, तोही मोबाईलवर. त्याला बघायचं असतं की मंडईच्या दिवशी तारीख मोकळी आहे का, कलाकार कोण, पैसे किती आणि फोन कोणाला करायचा. यातलं वर काय, खाली काय, अक्षर केवढं, बटण कुठे, हे ठरवणं म्हणजे डिझाइन. ठरवलेलं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये उभं करणं म्हणजे फ्रंट-एंड. आणि एका गावाने तारीख बुक केली की ती दुसऱ्या गावाला बंद दिसावी, पैशाची नोंद राहावी, ही बॅक-एंडची बाजू. जाहिरातवाले ही तिन्ही कामं "वेब डिझाइन" नावाच्या एकाच पिशवीत भरतात. आपल्या पोराला यातलं काय आवडतं, त्यावर डिग्री ठरते.

कोडिंग आवडत असेल तर बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स हा सरळ रस्ता. २०११ पासून या दोन जिल्ह्यांतली कॉलेजं नागपूर सोडून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाखाली आली, त्यामुळे पदवीसाठी नागपूरच गाठायला पाहिजे असं नाही. एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२४-२५ पासून बीसीए हा एआयसीटीईच्या कक्षेत आला आणि त्याला राज्याची सीईटी लागू झाली. फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. निकालानंतर जागे झालेले इथे अडकतात. काही कॉलेजांनी यावर उपाय म्हणून अभ्यासक्रमाचं नावच बदललं, म्हणून प्रवेश घेताना पदवीवर नेमकं कोणतं नाव छापून येणार ते विचारून घ्यावं.

इंजिनिअरिंग वाईट नाही. चंद्रपूरला १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, दहावीनंतर डिप्लोमासाठी गडचिरोली आणि ब्रह्मपुरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. पण चार वर्षांत गणित, सर्किट, ऑपरेटिंग सिस्टिम असं बरंच येतं आणि पान कसं दिसावं याचा अभ्यास फारच थोडा. ज्याला बॅक-एंडपर्यंत जायचंय त्याने ते जरूर करावं. फक्त वेबसाइट सुंदर करायच्या म्हणून चार वर्षं घालवणं जरा महागात पडतं.

डोळा चित्राचा असेल तर? नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कलेची पदवी आहे, त्यासाठी वेगळी सीईटी असते. त्यापुढे बी.डेस. आयआयटी मुंबई घेते ती युसीड परीक्षा कला, वाणिज्य, विज्ञान कोणत्याही शाखेच्या बारावीवाल्याला देता येते आणि त्याच गुणांवर जबलपूरच्या ट्रिपल आयटीतही डिझाइनला प्रवेश मिळतो. भोपाळला एनआयडी आहे, तिची परीक्षा वेगळी. हे आपल्याकडे फार कमी पोरांना वेळेत कळतं, कारण या परीक्षा बोर्डाच्या आधीच होऊन जातात. बारावीला संधी हुकली तरी कोणतीही तीन वर्षांची पदवी घेऊन एम.डेस.साठीची सीड परीक्षा देता येते.

चित्रकलेतून कॉम्प्युटरच्या पडद्यावर पोहोचणं नवीन नाही. विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी दिसली ती मंगल फाँटमध्ये. तो बनवणारे र. कृ. जोशी इंजिनिअर नव्हते. ते जाहिरात क्षेत्रातले सुलेखनकार, पुढे आयआयटी मुंबईत शिकवायला गेले.

आणि ज्याने बीएला मराठी किंवा अर्थशास्त्र मेजर घेतलंय, त्याचं सगळं संपलं असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतून घ्यावे लागतात. कॉलेजात कॉम्प्युटरचा विषय असेल तर तो तिथे घेता येतो. आयआयटी मद्रासची २०२० पासून सुरू असलेली ऑनलाइन बीएस पदवी दुसऱ्या डिग्रीसोबतही करता येते. तिला जेईई लागत नाही, प्रोग्रामिंगच्या डिप्लोमा टप्प्यात वेब ॲप बनवायला शिकवतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

आता पैशाचं बोलू. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात. पण मुलींची सवलत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांनाच आहे. खासगी इन्स्टिट्यूटच्या स्वतःच्या "मास्टर डिप्लोमा"ला यातलं काही लागू होत नाही. म्हणून तिथे पहिला हप्ता भरण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत : पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि महाडीबीटीवर या कोर्सचं नाव दिसतं का? उत्तर गोलगोल आलं की उठून यावं.

डिग्री कोणतीही असो, काम मिळतं ते करून दाखवलेल्या कामावर. हल्ली टेम्प्लेट आणि एआय काही मिनिटांत पान तयार करून देतात, त्यामुळे नुसतं पान जुळवणाऱ्याला भाव राहिलेला नाही. पण मराठीसाठी केलेल्या कितीतरी साइट आजही बिघडलेल्या दिसतात. इंग्रजीच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलं की वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळीला चिकटतात, अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. शिवाय भामरागड-एटापल्लीकडे नेटवर्क कसं असतं हे ज्याने पाहिलंय, तो पान हलकं ठेवतो. क्रोममध्ये नेट मुद्दाम स्लो करून पान तपासता येतं, ते फुकट आहे.

गोंडीचं तर मैदानच मोकळं आहे. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ ला आली, गुंजाळा गोंडी २०१८ ला, आणि दोन्हींचे नोटो फाँट मोफत मिळतात. त्यात नीट वाचता येईल असं एक पान गडचिरोलीच्या एखाद्या बीसीएच्या पोरीने केलं, तर मुलाखतीत ते दाखवायला तिच्याइतका हक्काचा माणूस पुण्यात सापडायचा नाही.