टूरमध्ये दिसलेले सिंह आणि मोजलेले सिंह

सोमनाथ, द्वारका, दीव, सासण गीर. आपल्याकडच्या गुजरात ग्रुप टूर साधारण याच वाटेने जातात. कार्यक्रमात जामनगरजवळचं नरारा असेल तर ओहोटीला समुद्राच्या तळावरून चालायला मिळतं आणि सासणला जिप्सीतून सफारी. टूर संपली की एखाद्या ज्युनिअरचा मेसेज ठरलेला: "ताई, आम्हाला सात सिंह आणि एक ऑक्टोपस दिसला. यावर प्रोजेक्ट होईल का?"

होईल की. पण आधी एक फरक डोक्यात पक्का बसायला हवा. "दिसलं" आणि "आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नराऱ्यापासून सुरुवात करू. हा भाग कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कमध्ये येतो. घोटाभर-गुडघाभर पाण्यातून गाइडच्या मागे चालताना प्रवाळ, खेकडे, समुद्री काकडी आणि नशीब असेल तर ऑक्टोपस दिसतो. आता समजा, अशा दहा डबक्यांत खरोखर ऑक्टोपस आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता 30 टक्के आहे. म्हणजे एका फेरीत सरासरी तीनच डबक्यांत दिसेल. तीन फेऱ्या मारल्या तर? तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता 0.7 × 0.7 × 0.7, म्हणजे 0.34. तीनदा जाऊनही दहापैकी तीन-चार डबकी तुमच्या वहीत "ऑक्टोपस नाही" अशीच राहणार. या 30 टक्क्यांना डिटेक्शन प्रॉबॅबिलिटी म्हणतात. ती काढायची तर त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. एका फेरीतून ती निघत नाही, मग सोबत कितीही मोठा ग्रुप असो.

शिवाय ती रोज सारखीही नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप लांबवर मागे जातं, अष्टमीच्या भांगाला तेवढं जात नाही. ओहोटीची वेळही रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणून तिथी, वेळ, किती मिनिटं आणि किती मीटर चाललात, किती जण शोधत होते, हे सगळं लिहायचं. याला एफर्ट म्हणतात आणि तो नसेल तर यादीचा उपयोग जवळपास शून्य. (आणि प्रवाळावर पाय देऊ नका. फोटोच्या नादात लोक सर्रास देतात.)

सिंहांचा प्रश्न जास्त अवघड आहे. वाघाला पट्टे असतात, त्यावरून प्रत्येक वाघ ओळखता येतो. सिंहाला पट्टे नाहीत. मग मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची रचना आणि अंगावरच्या कायमच्या खुणा बघतात. 2020 मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये गीरवर एक पेपर आला. संशोधकांनी 725 चौरस किलोमीटर भाग पिंजून काढला, 368 वेळा सिंह नोंदवले आणि खुणांवरून ते प्रत्यक्षात 67 सिंह निघाले. टूरवाल्यांच्या सकाळच्या पाच आणि संध्याकाळच्या चार सिंहांची बेरीज आपण बिनधास्त नऊ करतो, तिथे हा आकडा आठवावा.

ओळख पटली की हिशोब सुरू होतो. पहिल्या फेरीत 20 सिंह ओळखले, दुसऱ्या फेरीत 25, त्यातले 10 आधीचेच. तर एकूण अंदाज 20 × 25 ÷ 10, म्हणजे 50. हे कॅप्चर-रिकॅप्चरचं सगळ्यात साधं रूप. यात एक गृहीतक लपलेलं आहे: प्रत्येक सिंह सापडण्याची शक्यता सारखी. सफारीच्या रस्त्यांवर ते टिकत नाही. जिप्सीला सरावलेले सिंह पुन्हा पुन्हा दिसतात, बुजरे दिसतच नाहीत. भागाकारातला 10 फुगून 16 झाला तर अंदाज थेट 31 वर येतो. भरपूर सिंह दिसत असताना एकूण संख्या कमी निघते, हे पहिल्यांदा वाचताना उलटंच वाटतं.

त्याच पेपरमधला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष असा की, पर्यटकांना सिंह दिसावेत म्हणून जिथे त्यांना खाद्य दिलं जात होतं, त्या जागांजवळ सिंहांची घनता जास्त होती. म्हणजे टूरमध्ये जिथे सिंह "हमखास" दिसतात, ती जागा सॅम्पल म्हणून सगळ्यात संशयास्पद. पर्यटनाने घनताच बदललेली असू शकते. तुमच्या प्रोजेक्टचा खरा प्रश्न मला इथे दिसतो.

सरकारी गणनेत 2015 मध्ये 523, 2020 मध्ये 674 आणि 2025 मध्ये 891 सिंह नोंदले गेले. वाढ मोठी आहे, पण असे आकडे प्रपोजलमध्ये टाकताना पद्धत तपासा. 2020 चा आकडा नेहमीच्या गणनेचा नाही. कोविडमुळे ती पुढे ढकलली गेली आणि आकडा पौर्णिमेच्या निरीक्षणातून आला. शिवाय आता सिंह अमरेली, भावनगरकडे शेतांत आणि गावांजवळही राहतात. तिकडे सफारीची जिप्सी जात नाही, पण सर्व्हेसाठी तुम्हाला जावं लागेल आणि तिथली परवानगी सफारीच्या ऑनलाइन बुकिंगसारखी मिळत नाही. अर्ज चार-सहा महिने आधी करा.